कॅरिंग्टन स्ट्रीट : एका रस्त्याची दोन टोकं

नॉटिंगहॅमला पाहुणे आले की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "रॉबिन हूडचा किल्ला कुठे आहे?" आणि "ट्रेंट ब्रिज किती लांब?" किल्ल्यावर चढून गेलं की समोर दिसतो सतराव्या शतकातला एका ड्यूकचा वाडा. रॉबिन हूडची भेट होते ती खालच्या पुतळ्यापाशीच. ट्रेंट ब्रिज मात्र खराखुरा आहे, आणि तिथे एकदा जाऊन आल्याशिवाय आपल्या माणसाचं समाधान होत नाही. पण या दोन्ही ठिकाणांच्या मध्ये, स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर ज्या रस्त्यावर पहिलं पाऊल पडतं, त्याची चौकशी आजवर एकाही पाहुण्याने माझ्याकडे केलेली नाही. त्या रस्त्याचं नाव कॅरिंग्टन स्ट्रीट. आज सांगायची आहे ती त्याचीच गोष्ट.

मी लग्न होऊन इथे आले ती या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा हा रस्ता अगदी रया गेलेला होता. पुढे त्याची डागडुजी होताना पाहिली आणि हळूहळू कुतूहल वाटू लागलं. रस्ता म्हातारा होतो म्हणजे नक्की काय होतं? आणि त्याला पुन्हा तरतरी आणता येते का? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर शोधायला लागले तर थेट दोनशे वर्षं मागे जावं लागलं!

आधी भूगोल सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. शहराच्या मधोमध ओल्ड मार्केट स्क्वेअर, म्हणजे आपल्या भाषेत गावचा चौक. तिथून दक्षिणेला निघालं की व्हीलर गेट, मग लिस्टर गेट, मग कॅरिंग्टन स्ट्रीट, मग रेल्वे स्टेशन. स्टेशन ओलांडलं की पूर्वी लागायचा आर्कराइट स्ट्रीट, आणि त्याच्या शेवटी ट्रेंट नदीवरचा पूल. चौकापासून नदीपर्यंत सगळं मिळून दीडेक मैल. नावं वेगवेगळी असली तरी रस्ता एकच. हे 'एकच' लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्या एका शब्दाभोवती फिरते.

हा भाग मुळात सखल आणि पाणथळ. १७९६ साली नॉटिंगहॅमचा कालवा पूर्ण झाला आणि कोळशाच्या, धान्याच्या बोटी इथवर यायला लागल्या. १८३९ मध्ये डर्बीहून पहिली आगगाडी आली, तिचं स्थानक कॅरिंग्टन स्ट्रीटच्या कडेलाच होतं. १८४८ मध्ये स्थानक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, स्टेशन स्ट्रीटवर गेलं. आज आपण बघतो ती लालसर टेराकोटाची, घड्याळाच्या मनोऱ्याची देखणी इमारत १९०४ सालची. वास्तुविशारद ए. ई. लॅम्बर्ट. गंमत अशी, की १९०० साली शहरात उघडलेल्या व्हिक्टोरिया या प्रतिस्पर्धी स्टेशनाचे वास्तुविशारदही हेच! व्हिक्टोरियाच्या थाटापुढे आपलं स्टेशन फिकं पडू नये म्हणून मिडलंड रेल्वेने त्यांनाच गाठलं, आणि नव्या स्टेशनाचं तोंड कॅरिंग्टन स्ट्रीटकडे केलं. त्या काळी रस्त्याला यापेक्षा मोठा मान कोणता असणार?

स्टेशनाच्या दक्षिणेला 'मेडोज', म्हणजे कुरणं होती. वसंतात तिथे क्रोकसची फुलं फुलायची आणि ती पाहायला गाव लोटायचं. १८४५ च्या कायद्याने ही सामाईक जमीन बांधकामाला खुली झाली. रेल्वेत आणि लेसच्या धंद्यात राबणाऱ्यांसाठी विटांच्या चाळवजा घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मधून गेला आर्कराइट स्ट्रीट. नाव दिलं रिचर्ड आर्कराइटचं, सूतकताईच्या यंत्राचा तोच आर्कराइट, जो १७६८ मध्ये नॉटिंगहॅमला आला होता. मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या विणकरांचं काय केलं ते शाळेत शिकलेलं आपल्याला आठवत असेलच. त्या यंत्राच्या आरंभीच्या वर्षांचा धागा आपल्या या गावातून जातो.

१८७८ मध्ये शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचा पहिला मार्ग कुठला, माहीत आहे? सेंट पीटर्स चर्चपासून लिस्टर गेट, कॅरिंग्टन स्ट्रीट, आर्कराइट स्ट्रीट करत ट्रेंट ब्रिजपर्यंत! म्हणजे शहराने स्वतःच ठरवलं होतं की आपला कणा हा आहे. (त्याच वर्षी मुंबईत बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम सुरू झालं, तेवढ्यावरून काळाचा अंदाज येईल.) आर्कराइट स्ट्रीटवर खाटीक, बेकरीवाले, चांभार, कापडवाले, पब असं सगळं. रोजची खरेदी तिथे, सणासुदीची चौकात, आणि कॅरिंग्टन स्ट्रीट दोघांना जोडणारा. बूट्स या औषधवाल्यांचे कारखाने जवळच, आयलंड स्ट्रीटला. पाळी सुटली की कामगार याच बाजूने घराकडे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. १९५९ च्या जूनमध्ये भारताने ट्रेंट ब्रिजवर आपला पहिला कसोटी सामना खेळला. कर्णधार होते बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड. आपण एक डाव आणि ५९ धावांनी हरलो, ते जाऊ दे. पण त्या वेळी रेल्वेने उतरलेला प्रेक्षक पायी निघाला, तर दुतर्फा दुकानं असलेल्या गजबजलेल्या रस्त्यावरून थेट मैदानापर्यंत जाऊ शकत होता. १९९६ साली त्याच मैदानावर सचिनने १७७ केल्या, तेव्हा मात्र तो जुना आर्कराइट स्ट्रीट जवळजवळ उरलाच नव्हता.

मधल्या ३७ वर्षांत काय झालं?

झालं ते असं. साठ-सत्तरच्या दशकांत इंग्लंडभर जुन्या वस्त्या पाडून नवी शहरं उभारायची लाट आली. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. मेडोजमधल्या कित्येक घरांत न्हाणीघर नव्हतं, संडास अंगणात. कोणाला वाटेल तसं राहावं? पण सत्तरच्या दशकात पालिकेने घरांबरोबर दुकानंही पाडली आणि रस्त्याची आखणीच मोडून टाकली. नव्या वस्तीची रचना केली अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या रॅडबर्न गावाच्या धर्तीवर. मोटारी एका बाजूने, माणसं दुसऱ्या बाजूने, घरांची तोंडं आतल्या गल्लीबोळांकडे. कागदावर फार सुंदर! प्रत्यक्षात मेडोजचा मुख्य बाजार गेला आणि उरली 'आर्कराइट वॉक' नावाची पायवाट. बरीच कुटुंबं शहराच्या कडेला गेली. कॅरिंग्टन स्ट्रीटला दक्षिणेकडून येणारी पावलं आटली.

हे झालं एक टोक. दुसरं टोक उत्तरेचं. तिथे १९७५ साली उघडलं ब्रॉडमार्श शॉपिंग सेंटर. त्यासाठी ड्रुरी हिल नावाची मध्ययुगीन चढणीची गल्ली पाडली गेली. ही गल्ली अरुंद ठिकाणी जेमतेम पाच फूट रुंद होती. आपल्या कसबा पेठेतला किंवा वाईचा एखादा बोळ डोळ्यांसमोर आणा. लोकांनी विरोध केला, वर्तमानपत्रांतून पत्रं लिहिली, पण गल्ली गेलीच. पंधराव्या शतकातलं एक लाकडी चौकटीचं घर तेवढं सुटं करून किल्ल्याजवळ नेऊन पुन्हा उभं केलं. ते आजही तिथे आहे, रॉबिन हूडच्या पुतळ्यापासून दोन पावलांवर. जमिनीखालच्या वालुकाश्मातल्या गुहाही लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचल्या.

पण ड्रुरी हिलपेक्षाही मोठं नुकसान झालं त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ब्रॉडमार्श सेंटर बरोबर कॅरिंग्टन स्ट्रीट आणि लिस्टर गेट यांच्या मध्ये आडवं बसलं. स्टेशनातून चौकात जायचं तर भुयारी मार्गाने जा, मग सेंटरच्या दारातून शिरा, आतल्या दुकानांमधून चाला आणि पलीकडे बाहेर पडा. शंभर वर्षांची सार्वजनिक वाट एका खासगी इमारतीच्या पोटातून जायला लागली. रात्री दारं बंद झाली की काढा वळसा!

दोन्ही टोकं कापल्यावर मधल्या रस्त्याचं जे व्हायचं ते झालं. मी पाहिला तो कॅरिंग्टन स्ट्रीट असा होता : परदेशी फोन करायच्या कार्डांची दुकानं (ती पाच पौंडांची कार्डं आठवतात ना?), टेकअवे, वर्षानुवर्षं 'भाड्याने देणे' अशी पाटी लागलेले गाळे. संध्याकाळी सहानंतर लोखंडी शटर आणि पावसाचं पाणी. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, एवढ्या मोठ्या गावाचं दार असं कसं?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

रस्ता म्हातारा व्हायला सुरुवात होते ती दर्शनी भागापासून नव्हे, हे मला नंतर उमगलं. आधी येणारी-जाणारी माणसं कमी होतात. मग गल्ला कमी होतो. चांगलं भाडं देणारा जातो आणि मालक मिळेल त्याला गाळा देतो. नवा दुकानदार जुनी लाकडी चौकट झाकून वर प्लॅस्टिकची भलीमोठी झगझगीत पाटी ठोकतो, कारण घाईत जाणाऱ्याचं लक्ष वेधायचं असतं. शेजारचा त्याहून मोठी लावतो. वरच्या मजल्यावर जायचा जिना दुकानातूनच, म्हणून वरचे मजले रिकामे. छप्पर गळतं, पण वर कोणी राहतच नाही तर बघणार कोण? दहा-वीस वर्षांत इमारत आतून पोखरते. बाहेरचा बकालपणा आपल्याला दिसतो तो सगळ्यात शेवटी.

गेल्या दशकाच्या उत्तरार्धात कॅरिंग्टन स्ट्रीटच्या दुरुस्तीची योजना आली. पैसा काही राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीचा, काही पालिकेचा, काही मालकांचा. या 'टाउनस्केप हेरिटेज' योजनांची पद्धत मला आवडते. खर्चाचा वाटा अनुदानातून मिळतो, उरलेला मालकाने घालायचा, आणि त्याबदल्यात काही अटी पाळायच्या. दर्शनी भाग पुन्हा लाकडी आणि जुन्या मापाचा, पाटी ठरलेल्या उंचीची, बाहेरचं बटबटीत शटर नको, छप्पर आणि खिडक्या नीट. कॅरिंग्टन स्ट्रीटवरचे काही दर्शनी भाग असे पुन्हा उभे राहिले, तेव्हा पहिल्यांदाच वरच्या मजल्यांचं विटांचं नक्षीकाम नजरेत भरलं. ते तिथेच होतं, आम्हीच वर बघत नव्हतो.

हे वाचून मुंबईकरांना काहीतरी आठवलं असेल. दादाभाई नौरोजी रोड! तोही स्टेशनापासून निघणारा रस्ता. १८६० च्या दशकात किल्ल्याचे तट पाडल्यावर तो रुंद झाला. तेव्हा तो हॉर्नबी रोड होता. पादचाऱ्यांसाठी इमारतींखालून कमानींची ओवरी ठेवायची, असा नियम १८९६ मध्ये झाला. पुढे शंभर वर्षांत त्या कमानी पाट्यांखाली गाडल्या गेल्या. मग १९९८ पासून वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी एमएमआरडीएच्या साहाय्याने त्या रस्त्यासाठी नियमावली केली. पाटी कमानीच्या आत बसली पाहिजे, कमानीवर नाही. केवळ नियमावर न थांबता दुकानदारांना आणि रहिवाशांना बरोबर घेतलं आणि त्यांची संघटनाही उभी राहिली. दोन्हीकडचा धडा एकच : इमारत न पाडताही रस्त्याचं रूप पालटतं.

पण रूप पालटलं म्हणजे जीव आला असं नाही. वरून रंगरंगोटी आणि आत शुकशुकाट असंही होऊ शकतं. जीव यायला पावलं लागतात. त्या बाबतीत मात्र आपल्या गावाने बऱ्याच गोष्टी बरोबर केल्या. २००४ मध्ये ट्राम पुन्हा सुरू झाली (जुनी १९३६ ला बंद पडली होती) आणि तिचं शेवटचं थांबं स्टेशनाजवळच होतं. २०१५ मध्ये ती स्टेशनावरच्या पुलावरून क्लिफ्टन आणि टोटनपर्यंत गेली. त्याच सुमारास स्टेशनाचा कायापालट झाला. जिथे टॅक्सींची रांग धूर सोडत उभी असायची, त्या १९०४ च्या कमानींखाली आता प्रवासी निवांत कॉफी पितात. २०२१ मध्ये नॉटिंगहॅम कॉलेजची नवी इमारत जवळच उघडली आणि दुपारी रस्त्यावर तरुण पोरंपोरी दिसू लागली.

आणि ब्रॉडमार्श? ती कहाणी 'तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं' अशी. २०१९ मध्ये सेंटरचं नूतनीकरण सुरू झालं. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे काम थांबलं आणि जूनमध्ये ते चालवणारी इंटू ही कंपनीच बुडाली. शहराच्या मधोमध अर्धवट पाडलेला सांगाडा! लोक हळहळले, पण माझ्यासारख्या काहींच्या मनात पाल चुकचुकण्याऐवजी आशाच पालवली. ४५ वर्षांनी ती भिंत मधून हटत होती. पालिकेने लोकांची मतं मागवली आणि लोकांनी हिरवळ मागितली. कॉलिन स्ट्रीटवरची वाहतूक काढली गेली, झाडं लागली. २८ नोव्हेंबर २०२३ ला कॅरिंग्टन स्ट्रीटवर नवं मध्यवर्ती ग्रंथालय उघडलं. लहान मुलांचा विभाग तर इतका ऐसपैस, की आमच्या मंडळातल्या आया शनिवारी मुलांना घेऊन तिथेच ठाण मांडतात.

आणि नियतीचा खेळ बघा, दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबरला, पालिकेने कलम ११४ ची नोटीस काढली. म्हणजे खर्च भागवायला पैसे नाहीत अशी अधिकृत कबुली. ग्रंथालय उघडं राहिलं, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये 'ग्रीन हार्ट' ही बागही खुली झाली, पण उरलेला सांगाडा हटवायला पालिकेच्या तिजोरीत दम नव्हता. शेवटी मार्च २०२५ मध्ये होम्स इंग्लंड या सरकारी संस्थेने ती जागा विकत घेतली. हजारभर घरं, दुकानं, कार्यालयं असा आराखडा आहे.

इथेच खरी मेख आहे. त्या जागेवर काय बांधतील यापेक्षा, त्या जागेतून वाट कशी जाईल हा प्रश्न मोठा आहे. स्टेशनातून बाहेर आलेल्या माणसाला लिस्टर गेट सरळ दिसेल का? ती वाट रात्री अकरालाही सार्वजनिक आणि उजेडाची असेल का? तळमजल्यावर छोट्या दुकानदाराला परवडणारे गाळे असतील का? ही तीन उत्तरं 'हो' आली तर रस्ता जगेल. नाही आली तर ब्रॉडमार्श नव्या काचांमध्ये परत येईल.

कोणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं? आपण वाणसामान हायसन ग्रीनला घेतो आणि कपडे ऑनलाइन. बरं, मग हायसन ग्रीनचंच बघू. रॅडफर्ड रोडला कोणी देखणा म्हणणार नाही. फुटपाथवर खोकी, पाट्या सतरा भाषांच्या. १९८१ मध्ये तिथे दंगल झाली, साठच्या दशकात बांधलेल्या सरकारी इमारती ऐंशीच्या अखेरीस पाडाव्या लागल्या, ट्रामचे रूळ टाकताना दुकानदारांनी कमी सोसलं नाही. तरी रस्ता जिवंत राहिला. का? कारण आसपास माणसं राहतात, रोज उतरून खरेदी करतात, आणि रस्ता दोन्ही बाजूंना कुठेतरी जातो. कोथिंबिरीची जुडी घ्यायला गेलेल्या माणसाला तिथे चार ओळखीचे भेटतात. कॅरिंग्टन स्ट्रीटकडे आता रूप आहे आणि रॅडफर्ड रोडकडे जीव. एकाच गावात दोन्ही असताना त्यांनी एकमेकांकडून शिकायला काय हरकत आहे?

तिकडे पुण्यातही हाच विचार सुरू झालाय. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने लक्ष्मी रस्ता पहिल्यांदाच दिवसभर गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला, आणि पुढच्या वर्षांतही हा पादचारी दिन झाला. ज्या रस्त्यावर जीव मुठीत धरून चालायचं, तिथे मधोमध उभं राहून गप्पा! गर्दीचा रस्ता असो की ओस पडलेला, औषध शेवटी पायांचंच.

होम्स इंग्लंडचे आराखडे पुढच्या काळात लोकांसमोर येतील, मतं मागवली जातील. आपण कौन्सिल टॅक्स भरतो, मतदान करतो, आपली मुलं त्या ग्रंथालयात वाढताहेत. गणपतीच्या मिरवणुकीचा मार्ग ठरवताना आपण जेवढा वाद घालतो, त्याच्या निम्मा उत्साह जरी त्या फॉर्मसाठी दाखवला तरी पुष्कळ! ड्रुरी हिलच्या वेळी ज्यांनी पत्रं लिहिली त्यांची गल्ली वाचली नाही, पण गुहा वाचल्या. लिहिलेलं अगदीच वाया जात नाही, एवढं त्यावरून दिसतं.

तर मंडळी, यंदा दिवाळीच्या कार्यक्रमाला बाहेरगावहून ट्रेनने येणार असाल तर लगेच टॅक्सी करू नका. कॅरिंग्टन स्ट्रीटने चौकापर्यंत चालत या, दहा-बारा मिनिटांची तर वाट आहे. आणि चालताना मान वर करून बघा.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!